श्वास कापू नयेत

११ जानेवारी

प्रिय वन्सं,

ही हाक वाचून पत्र फाडू नकोस. तुझ्या दादाशी लग्न करून मी तुमच्या घरात आले तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. नणंदेला अशी जुनाट हाक मारली की तू भयंकर चिडायचीस, म्हणून मी मुद्दाम मारायचे. सात वर्षांत कुणालाच मारली नाही. आज हात आपोआप तसा वळला.

शुक्रवारी तुझा अल्बम आला. मी शोधून ऐकला असं खोटं सांगणार नाही. दादाच्या कामाच्या खोलीत चहा द्यायला गेले होते. तो गिऱ्हाइकाची कवळी घासत बसला होता, टेबलावर प्लास्टरचे सहा जबडे आ वासून पडले होते आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर काहीतरी चालू होतं. मी विचारलं, "हे कोण?" तो मान वर न करता म्हणाला, "ओळख."

अकराव्या सेकंदाला तू श्वास घेतलास आणि मी ओळखलं. आवाज अजून लागायचा होता. चहा तिथेच गार झाला.

'उथळ बाजू' मी आतापर्यंत नऊ वेळा ऐकलाय. पोहायला शिकवण्याची नोकरी धरलीस हे दादाकडून कळलं होतं. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, गेली ही मुलगी, संपलं हिचं गाणं. किती मूर्ख असावं माणसानं! ओल्या फरशीवर अनवाणी पाय आपटल्याचा जो आवाज आहे, त्याचा तू ताल केलास. माझ्या ड्रम मशीनला तो जन्मात जमणार नाही. आणि दुसऱ्या गाण्याखाली जी घरघर आहे ती पंपाच्या खोलीतली ना? मी हेडफोन लावून तीनदा खात्री करून घेतली. चौथ्या गाण्यात तुझ्या वर्गातल्या म्हाताऱ्या बायका एकदोनतीनचार मोजतात आणि एक जण सहानंतर थेट आठवर जाते, ती चूक तू ठेवलीस. मी असते तर काढली असती. काढली असती आणि गाणं मेलं असतं.

पाचव्या गाण्यात तू डोकं पाण्याखाली घेतेस आणि नऊ सेकंद काहीही नाही. नऊ! रेकॉर्डमध्ये नऊ सेकंद गप्प बसायला छाती लागते.

आपल्या त्या शेवटच्या गाण्याचं जे झालं ते झालं. रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं हट्ट धरला आणि मी नमले. तेव्हा तुझ्या बाजूनं भांडायला हवं होतं. चुकलंच माझं. पण आज तो विषय नाही. आज फक्त हे कळवायचं होतं की फार मोठं काम केलंस.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही.


३१ जानेवारी

वन्सं,

उत्तर आलं नाही. देऊ नकोस म्हटलं होतं खरं, पण रोज पत्रपेटी उघडून बघतेय.

तुझ्या अल्बमनं माझे कान बिघडवून ठेवलेत. आठवडाभर वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत कीबोर्ड दुरुस्त करते आणि शनिवार-रविवार हॉलवर साउंड सांभाळते, हे तर तुला ठाऊकच आहे. पूर्वी समोर कोण वाजवतंय यापेक्षा स्पीकरमधून शिट्टी कुठून येतेय याकडेच माझं लक्ष असायचं. आता ऐकते. गेल्या शनिवारी दोन भाऊ आले होते, एकसारखे स्वेटर घातलेले, चाळिशीचे. खेळण्यातले कीबोर्ड उघडून त्यांनी आतल्या तारा बाहेर काढल्यात. तारांना बोटं लावली की यंत्र रडतं. अक्षरशः रडतं. मोठा भाऊ वाजवताना धाकट्याकडे असा बघत होता, जणू तो आत्ता रस्ता ओलांडतोय. त्यांची नवी रेकॉर्ड मी घेऊन आलेय, पण रेकॉर्डमध्ये ते बघणं नाही.

रविवारी एक शिंपीण होती. खरीखुरी शिंपीण, स्वतःचं दुकान आहे तिचं. शिलाई मशीनला माइक लावते, टाके घालते, त्याचा लूप करून तो आवाज फिरता ठेवते, मग त्यावर अगदी हळू आवाजात गुणगुणते. कार्यक्रम संपला तेव्हा तिनं शिवलेला सदरा समोरच्या एकाला देऊन टाकला. मी विचारलं, "रोज एक?" म्हणाली, "बाही चुकते कधीकधी. मग त्या दिवशीचं गाणं जरा लांबतं." दोन दिवस मी हेच सगळ्यांना सांगत सुटले होते.

पण खरं तर वेगळं काहीतरी लिहायला बसलेय. टाळत होते.

आमच्या हॉलच्या मॅनेजर, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो, त्यांनी काल मार्चची यादी दारावर लावली. पंधरा मार्च, रविवार, संध्याकाळी पाच. तुझं नाव. मावशींना आपलं नातं माहीत नाही. त्यांनी 'उथळ बाजू' ऐकला आणि तुला बोलावलं, एवढंच. यात माझा हात नाही, शपथ.

मी त्या दिवशी माझ्या जागी साउंडला दुसरं कुणी देऊ शकते. एक मुलगी आहे, माझ्याच हाताखाली शिकलेली, हलक्या हाताची. तुला मी नको असेन तर एक शब्द कळव, दादाकडे निरोप दे, कसंही. मी यायचीच नाही त्या दिवशी. मनापासून सांगतेय.

(मनापासून नाही. पण तसंच करेन.)


१९ फेब्रुवारी

वन्सं,

तुझं उत्तर मिळालं. मला नाही, हॉलला.

तुझा कागद काल आला. काय काय लागेल त्याची यादी: माइक दोन, मॉनिटर स्पीकर एक, लॅपटॉपसाठी टेबल कमरेइतकं उंच. नेहमीचंच. मावशी चष्मा लावून मोठ्यानं वाचत होत्या आणि मी टिपून घेत होते. सहाव्या ओळीवर त्या थांबल्या.

"'श्वास कापू नयेत.' हे काय गं? श्वास कोण कापतं?"

मी म्हटलं, "मी."

त्या हसल्या, त्यांना वाटलं विनोद आहे. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायच्या थांबल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. केबलच्या गुंडाळ्यांवर बसून, भर दुपारी, दिवे लावणारी माणसं शिडीवर असताना. कुणाला तरी खरं सांगायची ती माझी पहिलीच वेळ होती. आता तुला सांगते. तू म्हणशील, मला काय नवीन सांगतेस. पण यातला एक भाग तुला माहीत नाही.

'चष्मा' तू गायलीस तेव्हा आप्पांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. मुलगी वडिलांवर गाणं म्हणते आणि त्यात ते डोक्यावरचा चष्मा घरभर शोधताहेत, बस एवढंच. रडण्याचा एक शब्द नाही. रडणं होतं ते ओळींच्या मधल्या श्वासांत. तू एकदाच म्हटलंस आणि म्हणालीस, "वहिनी, परत नाही जमणार."

मी ते श्वास कापले. एकेक करून, स्क्रीनवर, बत्तीस. गाणं स्वच्छ करायचं म्हणून. स्वच्छ झालं, आणि असं झालं जसं कुणी यंत्र गातंय. मग ते मला आवडेना. मग मी दुसऱ्या गायिकेला बोलावलं, तिच्याकडून तेच गाणं म्हणवून घेतलं आणि रेकॉर्डवर घातलं. तुला कळलं कधी, तर पहिल्यांदा सगळ्यांना ऐकवलं तेव्हा. पन्नास माणसांत, हातात सरबताचा ग्लास घेऊन. तू ग्लास खिडकीत ठेवलास आणि गेलीस. मी दाराशी तुझा हात धरून म्हटलं, "कंपनीनं सांगितलं गं, माझ्या हातात नव्हतं."

कंपनीनं काही सांगितलं नव्हतं.

हे तुला माहीत नाही. कालपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं, दादालाही नाही. सात वर्षं मी हेच सांगत आले, आणि जानेवारीतल्या पत्रात परत तेच लिहिलं, न अडखळता. लिहिताना खरंच वाटलं मला.

कारण सांगते. कारण आहे म्हणून माफ कर असं नाही, पण असू दे तुझ्याजवळ. त्याआधी दोन महिने आपल्या कार्यक्रमावर पेपरात आलं होतं, आठवतं? अकरा ओळी होत्या. दहा तुझ्या आवाजावर. अकरावी अशी: 'साथीला यंत्रं होती.' माझं नाव तर सोडच, यंत्रांचीही नावं नव्हती. तू ते कात्रण आनंदानं फ्रिजवर चिकटवलंस, कारण तुला वाटलं ते आपल्या दोघींबद्दल आहे. मी रोज दूध काढताना वाचायचे. तुझा गळा काढून घेतला तर माझं काय उरतं ते मला बघायचं होतं. बघितलं. ती रेकॉर्ड कुणी दोनदा ऐकली नाही.

काल हे सगळं दादाला सांगितलं. तो घासायचं यंत्र बंद करून ऐकत होता. रात्री जेवताना 'मीठ दे' म्हणाला, आज सकाळी 'दार लाव' म्हणाला. अजून तिसरं वाक्य आलेलं नाही.

पंधरा मार्चला मी नको असेन तर अजूनही सांग.


१६ मार्च

वन्सं,

तू कालच भेटलीस, मग पत्र कशाला? दोन कारणं. एक, तू स्टेजवर होतीस, समोरून तू कशी दिसत होतीस ते तुला माहीत नाही. दुसरं कारण शेवटी.

तू तीनला आलीस. केस आखूड केलेस, खांदे केवढे रुंद झालेत तुझे! मला 'मॉनिटर थोडा वर' म्हणालीस, 'टेबल डावीकडे' म्हणालीस, 'थँक्यू' म्हणालीस. मीही 'हो', 'बरं', 'आता?' एवढंच. मावशी दोघींकडे आळीपाळीनं बघत होत्या, टेनिस बघावं तशा.

पाचला हॉल भरला. उभं राहायला जागा नव्हती. तुझ्या वर्गातल्या त्या म्हाताऱ्या बायका पहिल्या रांगेत, एकीनं तर पोहायची टोपी घातली होती! पहिली दोन गाणी झाली. मी मिक्सरवर बसले होते, पण खरं सांगू, काम काहीच नव्हतं. तू माइकपासून किती लांब राहायचं, कधी मान वळवायची, हे सगळं स्वतःच करतेस. आवाज हॉलभर कसा पसरेल ते तुला आतूनच कळतं. असं कळणारी माणसं मी सात वर्षांत तीन पाहिली. तू चौथी, आणि पहिली.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर तुझा लॅपटॉप बंद पडला.

पंप गेला, पावलं गेली, सगळं गेलं. तू एकटी, आणि ओळ अर्ध्यावर. तू खाली स्क्रीनकडे बघितलंस. मी तुझा चेहरा बघितला. आणि वन्सं, माझा हात आपोआप मिक्सरच्या पट्ट्यांकडे गेला. माझ्याकडे आवाज घुमवणारा घुमारा होता, आवाजाची पुनरावृत्ती करणारं यंत्र होतं. दोन पट्ट्या वर सरकवल्या असत्या तर तुझ्या आवाजाभोवती अशी भिंत उभी राहिली असती की लोकांना कळलंही नसतं काही बिघडलं म्हणून. सगळे माझी पाठ थोपटायला आले असते.

मी हात काढून मांडीवर ठेवला. मग तोच उचलला आणि फक्त तुझ्या माइकची पट्टी वर केली, जरा, बोटभर. बाकी काही नाही.

तू श्वास घेतलास. पूर्ण हॉलनं ऐकला. पुन्हा घेतलास, तालात. तिसऱ्याला मला कळलं की तू पोहतेयस. हातांशिवाय, पाण्याशिवाय, तीन हात मारले की एक श्वास, वर्गात शिकवतेस तसा. चौथ्याला टोपीवाल्या बाईंनी तुझ्याबरोबर श्वास घेतला. मग त्यांच्या शेजारच्यांनी. मग सगळी रांग. आणि त्या श्वासांवर तू अर्धी ओळ जिथे सोडली होतीस तिथून उचललीस. मी इतकी वर्षं या खुर्चीवर बसतेय, पण दोनशे माणसं एका वेळी श्वास घेतात तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मावशी दारात उभ्या होत्या, तोंडावर हात धरून. लॅपटॉप नंतर चालू झाला, पण तू गाणं संपेपर्यंत त्याला हात लावला नाहीस. बरं केलंस.

आता दुसरं कारण. त्यानंतर आपण जे बोललो ते मी जसंच्या तसं लिहून ठेवतेय, म्हणजे पुढे मला ते माझ्या सोयीनं बदलता येणार नाही. काही चुकलं असेल तर दुरुस्त कर.

मी केबल गुंडाळत होते. तू येऊन दुसरं टोक धरलंस.

तू म्हणालीस, "तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून फेकणार होते."

मी म्हटलं, "मग?"

"मागच्या बाजूला पोहण्याचं वेळापत्रक लिहून ठेवलं होतं मी. म्हणून राहिलं."

मी हसले. तू हसली नाहीस.

"कंपनीच्या माणसाला मी त्याच आठवड्यात फोन केला होता, वहिनी. त्याला म्हटलं, तुम्ही 'चष्मा' का बदलायला लावलंत? तो म्हणाला, कुठलं गाणं?"

माझ्या हातातून केबल सुटली. "म्हणजे तुला माहीत होतं? सात वर्षं? मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? बोलायचं तुला होतं."

मग आपण ती केबल पुरी केली. पुढची घेतली. तीही पुरी केली.

"गाण्याचा राग केव्हाच गेला," तू म्हणालीस. "तू दाराशी हात धरून खोटं बोललीस, आणि तुझा हात गरम होता, नेहमीसारखा. ते काही जाईना."

मी म्हटलं, "माझं चुकलं."

तू म्हणालीस, "मला सांगितलंस, दादाला सांगितलंस. त्या दुसऱ्या गायिकेला काय सांगितलं होतंस तेव्हा?"

मी म्हटलं, "की तूच नको म्हणालीस. की तुला ते गाणं सहन होत नाही, म्हणून तूच तिचं नाव सुचवलंस."

तू डोळे मिटलेस. "मग आधी तिच्याकडे जा," म्हणालीस, आणि बॅग उचललीस.

जाते.


१२ एप्रिल

वन्सं,

गेले होते. शोधायला वेळ लागला. ती आता गात नाही, एका शाळेच्या ग्रंथालयात असते. पुस्तकांच्या पाठींवर नंबर चिकटवता चिकटवता तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडेल. तिनं विचारलं, "म्हणजे तिला ठाऊकच नव्हतं?"

"नाही."

"मी तिला चिठ्ठी पाठवली होती त्या वेळी. तुमचं गाणं जपून म्हटलं, असं लिहिलं होतं. उत्तर आलं नाही तेव्हा वाटलं, आपण काहीतरी वाईट म्हटलं असणार." मग बराच वेळ ती एकच नंबर दाबत राहिली. "मी त्यानंतर रेकॉर्डिंगला कुठे गेलेच नाही. त्याच कारणानं असं नाही. पण तेही होतं त्यात."

ती चिठ्ठी तुला कधीच मिळाली नाही, कारण ती तिनं माझ्याकडे दिली होती. तिचं मी काय केलं ते तुला कळलंच असेल. आता माझ्याकडे लपवायला काही उरलं नाही. शोधून बघितलं.

तिची परवानगी घेऊन ते गाणं सगळीकडून काढून टाकलंय. मी निघताना ती म्हणाली, "तिचं मूळचं आहे का अजून?"

आहे. बत्तीस श्वासांसकट. कापायच्या आधीची प्रत मी कधी पुसली नाही. का, ते नीट माहीत नाही. सोबत पाठवतेय. मी त्यात बोटही घातलेलं नाही. ऐक, फेक, ठेव, जगाला ऐकव, तुझं तू ठरव. तिचा पत्ताही मागच्या बाजूला लिहिलाय.

दादा आता पूर्ण वाक्यं बोलतो. काल म्हणाला, "तू वाईट नाहीस गं, पण तुझ्यावर नजर ठेवायला लागते." मी म्हटलं, ठेव.


९ मे

वन्सं,

तुझं कार्ड आलं. सात वर्षांतली पहिली ओळ: 'ऐकलं. शेवटच्या कडव्यात मी बेसूर आहे. तसंच राहू दे.'

बेसूर आहेसच. चांगली दोन ओळी आहेस. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

कार्डावर खाली लिहिलं होतंस तसा, गाणं प्रकाशित करायचा फॉर्म मी भरून तुला पाठवला होता. गाणं: चष्मा. गायिका: तू. शब्द: तुझे. ध्वनिमिश्रण कुणाचं, त्या रकान्यात मी काही लिहिलं नाही. जे जसं होतं तसं ठेवलं, त्यात माझं काम कुठलं? रिकामा सोडला आणि पुढचं तुझ्याकडे सोपवलं.

काल शुक्रवारी गाणं आलं. ग्रंथालयातून तिचा फोन आला, वाचनाच्या तासाला मुलांना ऐकवलं म्हणाली, आणि तुझं लांबलचक पत्र आलं म्हणाली. दादानं दोन कवळ्यांच्या मध्ये ऐकलं, परत लावलं, परत लावलं. आप्पा खिडकीत शोधतात, उशीखाली शोधतात, फ्रिजमध्ये शोधतात तिथे तो हसला, आणि तसाच हसत हसत बेसिनवर तोंड धुवायला गेला.

मग मी स्क्रीनवर खाली बघितलं. तो रकाना रिकामा नव्हता. तू तिथे लिहिलं होतंस: वहिनी.

दादा मागून वाकून वाचत म्हणाला, "अगं, पण लोकांना काय कळणार, ही कुठली वहिनी?"

मी म्हटलं, "न कळू दे."